परवान्यावाचून उड्डाण

पाठीवर मोटर, माथ्यावर कापडी पंख आणि थोडीशी धाव, एवढ्यावर माणूस आकाशात जातो. पॅरामोटरिंगचे हे सोपेपण फसवे आहे. अमेरिकेत १९८२ च्या नियमांनुसार, रिकामे वजन २५४ पौंडांहून कमी असलेले एकासनी यान हौसेखातर चालविण्यास परवाना लागत नाही. परिणामी जुने यंत्र विकत घेऊन स्वतःच शिकण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु वारा कोणालाही सूट देत नाही. पंख वाकडा चढला असता मोटरीचा जोर वाढविणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय. म्हणूनच नवशिक्याने मोटर बाजूस ठेवून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, जमिनीवरच पंख उभारण्याचा व सावरण्याचा सराव प्रथम करावा. कायदा परीक्षा घेत नसेल, तर ती घेण्याची जबाबदारी उडणाऱ्यावरच येते.