बोरन्हाणाच्या दिवसांत

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हे दिवस तसे लेकरांचेच. वैजापूरच्या घराघरांत पाट मांडला जातो, काळे झबले ल्यालेले, हलव्याच्या दागिन्यांनी सजलेले बाळ त्यावर बसते, औक्षण होते आणि बोरे, चुरमुरे, उसाची कांडकी, हरभऱ्याचे घाटे त्याच्या डोक्यावरून ओतले जातात. भोवतीची पोरे वेचायला झेपावतात आणि पुष्कळदा नेमके तेव्हाच पाटावरचे बाळ भोकाड पसरते. ‘कसलं रडकं आहे गं,’ असे कुणी म्हणून जाते. एखादी आई मात्र त्याला उचलून घेते, ‘घाबरलास होय रे? सगळे एकदम अंगावर आले ना,’ म्हणत पाठीवरून हात फिरवते आणि हुंदके ओसरले की पुन्हा पाटावर बसवते. मग तेच बाळ मुठीतले बोर शेजारच्या ताईपुढे धरते. भीती शमली की माणसांत मिसळायला बळ येते, हे त्या दोन मिनिटांत आपल्या डोळ्यांपुढे घडते.

बाळाच्या मनात काय चालले आहे, हे ओळखण्याचे मोल अभ्यासकांनाही दिसले आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात, कंपालाजवळच्या खेड्यांतील २६ कुटुंबांत जाऊन आई-बाळांचे निरीक्षण केले. ज्या आया आपल्या बाळाविषयी बारीकसारीक गोष्टी भरभरून सांगत, त्यांच्या बाळांमध्ये आईच्या आधाराने निर्धास्त असणारी अधिक आढळली. पुढे लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर फोनागी आणि सहकाऱ्यांनी, बाळ जन्मण्याआधीच, आईबापांना त्यांच्या स्वतःच्या बालपणाविषयी बोलते केले. त्या सुखदुःखाच्या आठवणींकडे ते किती समजुतीने पाहतात, याचा बाळाच्या त्यांच्याशी असलेल्या जवळिकीशी संबंध दिसला. ‘आम्ही मार खाऊनच मोठे झालो’ हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने उच्चारले जाते. त्या माराच्या रात्री आपल्याला काय वाटले होते, हे मात्र आपण क्वचितच आठवू देतो. ते आठवले, तर उगारलेला हात बहुधा वाटेतच थांबेल.

पण मन ओळखायला सवड लागते, आणि तीच आपल्या तालुक्यात दुर्मीळ. याच दिवसांत कांद्याची लागवड चालते. वाफ्यात दिवसभर वाकून रोपे लावणारी आई बांधावरच्या झोळीतले रडणे ऐकते. ओळ अर्धी टाकून उठावे, तर मुकादमाचा आवाज येतो. तिच्या मायेत उणे काही नाही. उणी आहे ती तिच्या वाट्याला येणारी उसंत, आणि ती द्यायची जबाबदारी घरच्या पुरुषांची, शेतमालकाची, आपल्या सर्वांची आहे. बाप बोरन्हाणाचे फोटो हौसेने काढतो. रात्री कुशीत घेऊन ‘आज तुला कशाची भीती वाटली?’ असे विचारणे त्यालाही जमण्यासारखे आहे. बाळ बोलायच्या वयाचे नसले, तरी विचारणारा आवाज त्याला कळतो.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम मांडले, ते मुलांच्या दारी, त्यांच्या अंगणात जाऊन. आजच्या अंगणवाडीत बाळाचे वजन आणि उंची नोंदली जाते, तसेच अंगणवाडीताईंनी गृहभेटीत आईला एवढेच विचारावे: बाळ कशाने हसते, कशाने बिचकते, रडले की कुणाकडे धावते? हळदीकुंकवाला जमणाऱ्या बायकांनीही वाणासोबत हे विचारावे, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. रथसप्तमीला अजून अवकाश आहे. अंगणवाडीत सामुदायिक बोरन्हाण होईल, तेव्हा निमंत्रण बापांच्याही नावे जावे.