खिशातला कॅमेरा आणि बत्तीस शिराळ्याचा नाग

श्रावण शुद्ध पंचमी जवळ आली की बत्तीस शिराळ्याचे नाव वर्तमानपत्रांत पुन्हा दिसू लागते. सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेला, मोरणा नदीच्या काठी वसलेले हे गाव जिवंत नागाच्या पूजेमुळे प्रसिद्धीस आले. गोरक्षनाथांपासून ही प्रथा चालत आली, असे गावकरी सांगतात. प्रथा जुनी असली, तरी तिची कीर्ती दूरवर नेली ती मात्र कॅमेऱ्याने. फणा काढलेला नाग आणि त्याच्यापुढे हात जोडलेली सुवासिनी, हे छायाचित्र ज्यांनी पाहिले त्यांनी शिराळा न पाहताही शिराळा ओळखले.

पुढे दिवस पालटले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार घेऊन प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१४ च्या आदेशानंतर नाग पकडण्यावरील बंदीची अंमलबजावणी कडक झाली. पूजा प्रतिमेची होऊ लागली. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शैक्षणिक कारणासाठी २१ नाग पकडण्यास सशर्त परवानगी दिली, तेव्हा हा विषय पुन्हा चर्चेत आला. आता पंचमीच्या दिवशी वन खात्याची माणसेही कॅमेरे घेऊन गावात फिरतात. ज्या यंत्राने नागाला प्रसिद्धी दिली, तेच त्याच्या राखणीला उभे आहे.

प्रथेच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले आहे. आपला आजचा प्रश्न त्याहून लहान, पण घरोघरचा आहे. पंचमीला नाग मिरवत नसला, तरी पावसाळ्यात तो बांधावर, गोठ्यात, लाकडांच्या ढिगाऱ्यात निघतोच. तो निघाला की पूर्वी लोक मागे सरत. आता खिशातून मोबाईल काढून पुढे सरकतात. हे पुढे सरकणे जिवावर बेतू शकते, आणि त्याचे एक कारण मोबाईलच्या भिंगातच आहे.

थोडा हिशेब करून पाहू. नाग साधारण एक ते दीड मीटर लांबीचा. उभारलेला फणा आणि खालचे वेटोळे चौकटीत भरून दिसायला हवे असेल, तर चौकटीची रुंदी समोर सुमारे तीन फूट धरावी. मोबाईलचे मुख्य भिंग रुंद दृश्य टिपणारे, जुन्या फिल्मच्या भाषेत २४ ते २६ मिलिमीटरचे. त्यातून हे चित्र मिळवायचे तर दोन फुटांवर जावे लागते. दोन फूट म्हणजे जवळजवळ फण्याच्या टप्प्यात! तेच चित्र २०० मिलिमीटरच्या भिंगातून घ्यायचे तर सोळा फुटांवर उभे राहता येते. छंदिष्टांचा खिशातला कॅमेरा, म्हणजे ज्याला ‘अॅडव्हान्स्ड कॉम्पॅक्ट’ म्हणतात तो, इथे कामाला येतो. सोनीने २०१२ मध्ये आरएक्स-१०० हा कॅमेरा आणून या जातीला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. त्याचे २०१८ आणि २०१९ चे अवतार २४ ते २०० मिलिमीटरपर्यंतचे भिंग घेऊन आले. वजन सुमारे ३०० ग्रॅम. सदऱ्याच्या खिशात मावतो, हातात धरला तर कुणी वळूनही पाहत नाही. मोठ्या कॅमेऱ्याला एवढा पल्ला हवा तर गळ्यात चांगले ओझे वागवावे लागते.

कुणी म्हणेल, मोबाईललाही आता झूम आहे. खरे आहे. काही महागड्या मोबाईलमध्ये १२० मिलिमीटरच्या तोडीचे वेगळे भिंग असते आणि त्यातून हेच चित्र दहा फुटांवरून मिळते. पण साध्या मोबाईलमध्ये बोटांनी चित्र मोठे केले, तर ते भिंगाने जवळ आणलेले नसते. मधला तुकडा कापून ताणलेला असतो, आणि हरवलेले बारकावे कधी कधी आतले गणित अंदाजाने भरून काढते. वाढदिवसाच्या केकबाबत याने काही बिघडत नाही. पण समोरचे जनावर नाग की धामण, ते मोकळे होते की कुणाच्या हातात, हे छायाचित्रावरून ठरणार असेल तर अंदाजाला जागा नसावी. या कॅमेऱ्यातून ‘रॉ’ स्वरूपात, म्हणजे संवेदकावर पडले तसे, फारशी रंगसफेदी न केलेले चित्रही ठेवता येते. ही त्याची दुसरी जमेची बाजू.

आता खर्चाची बाजू. या कॅमेऱ्याचा संवेदक ‘एक इंची’ म्हणून सांगितला जातो. ग्राहकाने या नावाला फसू नये. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील नळ्यांच्या मापावरून ते पडले आहे. प्रत्यक्षात संवेदक १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. साध्या डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकाहून तो चौपट मोठा हे खरे, पण फिल्मच्या चौकटीएवढ्या संवेदकाचा सातवा हिस्साच. त्यातच लांबचे पाहताना भिंगाचे तोंड आकुंचन पावते. २४ मिलिमीटरला एफ २.८ असते, ते २०० ला एफ ४.५ होते. म्हणजे उजेड अडीचपटीहून अधिक घटतो.

आणि शिराळ्याचा श्रावण म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. पश्चिमेकडे चांदोलीचे डोंगर ढगांत गेलेले, दुपारी तीनलाच सांज झाल्यासारखी. अशा वेळी दूरचा हलता फणा टिपायचा, तर एकतर चित्र हलते, नाहीतर रवाळ येते. फ्लॅशची मदत घ्यावी म्हटले, तर चिमुकल्या फ्लॅशचा उजेड इतक्या लांब पुरत नाही. शिवाय सापाला पापण्या नसतात, त्यामुळे डोळ्यांवर येणारा झोत त्याला मिटून टाळता येत नाही. म्हणजे ज्या अंतरासाठी हा कॅमेरा घ्यायचा, त्याच अंतरावर तो उजेडाला सर्वांत कमी पडतो. विक्रेता पल्ला सांगेल, ही दुसरी गोष्ट आपण विचारावी.

गावातच याची परीक्षा घेता येते. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे. झरोक्यांतून सूर्योदयाचा आणि सूर्यास्ताचा प्रकाश मूर्तीच्या मुखावर पडावा, अशी तिथली रचना सांगतात. अंधाऱ्या गाभाऱ्यातली अशी मूर्ती जवळून, रुंद भिंगाने घेतली तर हा कॅमेरा सुखाने घेईल. तीच मागून, गर्दीच्या डोक्यांवरून, झूम लावून घेऊ म्हटले तर तो धापा टाकील.

आणखी दोन उणिवा. या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना पावसापासून संरक्षण नसते. भिंग आतबाहेर सरकते, त्यासोबत दमट हवा आणि धूळ आत शिरते. बॅटरीही लहान. कंपनीच्या मोजणीनुसार एका भरणीत अडीचशेच्या आसपास छायाचित्रे, आणि चलतचित्र सुरू केले की त्याहून लवकर खडखडाट.

मग हा कॅमेरा कालबाह्य झाला का? आकडे तसेच सांगतात. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदींनुसार २०१० मध्ये भिंग न बदलणारे सुमारे ११ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ मध्ये हा आकडा १७ लाखांच्या आसपास आला. मोबाईलने साधे कॅमेरे पुसून टाकले. २०२४ मध्ये मात्र विक्री किंचित वर गेली. उरले आहेत ते मोबाईलला न जमणारे काही तरी करणारे.

घरातल्या समारंभांसाठी, देवदर्शनासाठी, सहलीसाठी नवा खर्च करू नये. हातातला मोबाईल ते काम उत्तम करतो. पण घरातले मूल पक्षी, सरडे, साप यांच्या मागे लागणारे असेल, तर त्याला दुरून पाहायला लावणारे साधन देण्यात शहाणपण आहे. त्यासोबत हेही सांगावे की छायाचित्रासाठी नाग पकडणे हा गुन्हा आहे, आणि नाग घरात निघाला तर आधी सर्पमित्राला किंवा वन खात्याला बोलवावे, कॅमेरा नंतर काढावा.

शिराळ्याहून चांदोली लांब नाही. ते जंगल ज्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते, तिथे २०१८ च्या मे महिन्यात झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. त्या वेळी तिथे माणूस नव्हता. म्हणूनच वाघ आपल्या वाटेने गेला, आणि चित्रही मिळाले. नागाच्या बाबतीत सोळा फूट पुरेत. तेवढे राखले आणि चित्र जरा रवाळ आले, तरी तक्रार करू नये.