शेजारच्याचं प्रगतिपुस्तक

गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी अहिल्यानगरला (आमच्या तोंडी अजून नगरच!) गेले होते. जेवताना मुलीकडच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांशी आम्हा दोघी बहिणींची ओळख करून देण्यात आली. "या धाकट्या. मिशन हॉस्पिटलात मेट्रन होत्या. हजारो बाळंतपणं झाली यांच्या हातून. आणि या थोरल्या... या शाळेत होत्या."

बस्स, एवढंच.

मंडळी, मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. १९७३ ते २००९ अशी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. दर रविवारी देवळात जाते. तरी "या थोरल्या" नंतरचा तो क्षणभराचा थांबा मला असा बोचला की पुढचा घास गिळवेना.

त्याच संध्याकाळी धाकटी शेजारी येऊन बसली. मंडळीच्या अंकासाठी तिच्याकडे साक्ष मागितली होती. म्हणाली, "अक्का, मला बोलता येतं, पण लिहिता येत नाही गं. तू लिहून देशील?" मी म्हटलं, "तू मोठी माणूस. एखादा मोठा लेखक बघ." ती काही बोलली नाही. उठून आत गेली.

घरी आल्यावर योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय काढला. तिबिर्याच्या समुद्राकाठी सकाळची न्याहारी झाली आहे. निखाऱ्यावरचे मासे, भाकरी. ज्या पेत्राने तीनदा नाकारलं होतं, त्याला प्रभू तीनदा प्रेमाबद्दल विचारतो आणि तीनदा मेंढरं सांभाळायला सांगतो. त्याला कसं मरण येणार आहे तेही सुचवतो आणि मागे यायला सांगतो. आणि पेत्र काय करतो? मान वळवून मागे बघतो. दुसरा शिष्य येताना दिसतो. लगेच चौकशी, की याचं पुढे काय होणार?

हा अध्याय मी कितीदा तरी वाचला असेल. पण पेत्राने ही चौकशी कधी केली, ते यावेळी प्रथमच लक्षात आलं. त्याला स्वतःचं काम मिळालं, क्षमा मिळाली, त्यानंतर लगेच! म्हणजे पाचारण मिळालं की तुलना आपोआप सुटते असं काही नाही. पेत्राचीही सुटली नव्हती.

आणि प्रभूचं उत्तर बघा. पेत्राच्या जागी माझा विद्यार्थी असता तर मी म्हटलं असतं, "अरे, तूही हुशार आहेस, तुझंही चांगलं होईल." प्रभू तसलं काही समजावत बसत नाही. दोघांत थोर कोण हे सांगत नाही, दोघं सारखेच असंही म्हणत नाही. त्याचं काय करायचं ते मी बघेन, तू माझ्यामागे ये, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्याचं प्रगतिपुस्तक तो पेत्राला उघडून दाखवतच नाही. आधी मला हे उत्तर कोरडं वाटायचं. आता वाटतं, यात केवढी सुटका आहे! दुसऱ्याचा हिशेब ठेवायचं काम माझ्याकडे दिलेलंच नाही.

आता माझी कबुली. ही तुलना मला कोणी वेगळी शिकवावी लागली नाही. मीच छत्तीस वर्षं ती शिकवत आले. नंबर काढायचे, पहिल्याला पुढे बसवायचं, शेवटच्याला उभं करायचं. साधारण १९८७ ची गोष्ट असेल. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचा थोरला भाऊ दरवर्षी पहिला येऊन पुढे गेला होता. मी उठता-बसता त्याला म्हणायचे, "तुझ्या दादाकडे बघ जरा." एक दिवस तो अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, या वर्गात दादा नाहीये. मी आहे." वर्ग हसला. मी त्याला बाहेर उभं केलं. आज वाटतं, त्या दिवशी शिकवलं त्याने आणि नापास झाले मी.

आपल्याकडची दोन माणसं नेहमी आठवतात. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) संस्कृतच्या विदुषी. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकल्या. नवरा कोण, तर रेव्हरंड ना. वा. टिळक, नावाजलेले कवी! एकीकडे रमाबाईंची विद्वत्ता, दुसरीकडे घरातच कवी. 'मी कोण लिहिणारी?' म्हणून लक्ष्मीबाई गप्प बसल्या असत्या तर कुणी दोष दिला नसता. पण १९३४ मध्ये 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला, तो त्यांच्या स्वतःच्या बोलीत, घरातल्या भांडणांसकट. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुरं केलं. आज टिळकांच्या कवितांपेक्षा 'स्मृतिचित्रे'च लोक जास्त आवडीने वाचतात, असं मला वाटतं... बघा, पुन्हा तुलना! जित्याची खोड.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. 'ज्याला जे नेमून दिलंय ते त्याने करावं' हे वाक्य फार गोड वाटतं, पण आमच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगून गावकुसाबाहेर ठेवलं होतं. माझे आजोबा मिशनच्या शाळेत गेले ते नेमून दिलेलं काम सोडूनच. तेव्हा गावाने लादलेलं काम म्हणजे पाचारण नव्हे. पौल करिंथकरांस प्रत्येकाने आपल्या पाचारणात राहावं असं लिहितो, पण तिथेच दासाला सुटता येत असेल तर ती संधी घ्यायलाही सांगतो. पुढे बाराव्या अध्यायात तो शरीराचा दाखला देतो. मी हात नाही म्हणून खंतावणारा पाय तिथे आहे, आणि हाताची गरज नाही म्हणणारा डोळाही आहे. हेवा आणि गर्व, दोन्ही एकाच घरातली भावंडं. आपण पायाच्या दुखण्याबद्दल बोलतो, डोळ्याच्या मिजाशीबद्दल फारसं बोलत नाही.

आणखी एक. आपल्या मंडळ्यांत 'पाचारण' हा शब्द आपण पाळकांसाठी राखून ठेवलाय. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने सांगितलं होतं की साध्या कामकऱ्याचं कामही देवाने दिलेलं पाचारणच आहे. पाचशे वर्षं झाली, तरी लग्नात ओळख करून देताना आम्ही "शाळेत होत्या" म्हणून थांबतो. आणि खरं सांगू? त्या माणसाने काही वाईट म्हटलं नव्हतं. तो थांबा त्याचा, पण त्यात 'फक्त' हा शब्द मीच घातला. मला माझं काम फक्त वाटत होतं, म्हणून दुसऱ्याचं मोठं वाटलं.

पुढची गोष्ट उलगडायला मला जरा वेळच लागला. धाकटीने आयुष्यभर बाळं जगात आणली. मी मुलांना वाक्यं लिहायला शिकवली. तिला अडलं ते नेमकं वाक्यापाशी, आणि ती आली नेमकी माझ्याकडे. त्या संध्याकाळी माझं पाचारण स्वतःच्या पायांनी चालत माझ्या शेजारी येऊन बसलं होतं. मी मात्र मान वळवून पंगतीकडे बघत होते.

असो. धाकटे, हे वाचशील तेव्हा तुझे कागद पाठव. नाहीतर फोनवर सांग, मी लिहून घेते. मोठा लेखक काही सापडणार नाही, थोरली बहीण आहे. शुद्धलेखनाच्या चुका मात्र काढणार, त्याला माफी नाही.

आणि त्या संध्याकाळबद्दल मला माफ कर.