सुटीतल्या चार चित्रकथा

मे महिन्यात चुडाव्यात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते. जोहरची नमाज झाली, जेवणे उरकली की घरातली मुले पंख्याखाली आडवी होतात आणि मोबाइलवरून भांडण सुरू होते. यंदा आम्ही त्यांच्या हाती चित्रकथा दिल्या आणि त्यांच्याबरोबर आम्हीही वाचायला बसलो. काही अंक नांदेडच्या रद्दीच्या दुकानातून किलोच्या भावाने आणले, काही पुण्याच्या नातेवाइकांकडून मागवले. महिनाभरात वीसेक पुस्तके वाचून झाली. त्यांतली चार घरातल्या सगळ्यांना आवडली. त्यांच्याविषयी या वेळी सांगतो.

चित्रांची पुस्तके म्हणजे अभ्यासाला दांडी, असे आपल्याकडे अनेक अम्मी-अब्बांना वाटते. आमचे मत वेगळे आहे. आपल्या बऱ्याच घरांत मुले दखनी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. पानभर मजकूर समोर आला की ती दबकतात. चित्रकथेत वाक्य लहान असते आणि अडलेला शब्द चित्र सांगते. आमच्या घरातला चौथीचा मुलगा ‘वैतागणे’ हा शब्द चिंटूच्या चेहऱ्यावरून शिकला. आता तो दिवसातून दहा वेळा वैतागतो!

पहिली पसंती या चिंटूलाच. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये ‘सकाळ’मधून ही चित्रमालिका सुरू केली, पुढे तिची पुस्तके निघाली, चित्रपटही आले. चिंटूकडे कसलीही अद्भुत शक्ती नाही. अभ्यास टाळणे, आईची बोलणी खाणे, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू यांच्याशी खेळणे आणि भांडणे, एवढाच त्याचा कारभार. तीन-चार चौकटींत गोष्ट संपते, म्हणून वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलानेही इथून सुरुवात करावी. आमच्या सहावीतल्या मुलीने मात्र एक प्रश्न विचारला, ‘या टोळीत एखादी सलमा का नाही?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. तिने वही घेतली आणि सलमा स्वतःच काढली. सलमा चिंटूला क्रिकेटमध्ये बाद करते आणि चिंटू नेहमीसारखाच वैतागतो.

दुसरी पसंती ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधल्या बहादूरला. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने १९६४ मध्ये ‘इंद्रजाल’ सुरू केले आणि १९९० मध्ये ते बंद पडले. त्याच्या मराठी आवृत्तीतला वेताळ आज पन्नाशी-साठीत असलेल्यांना चांगला आठवत असेल. वेताळ परदेशातून आलेला. १९७६ मध्ये आलेला बहादूर मात्र इथलाच, कुर्ता आणि जीन्स घालणारा. त्याचा बाप डाकू होता आणि पोलिसांच्या गोळीने मेला. बदला घ्यायला निघालेल्या बहादूरला बापाचे गुन्हे कळतात आणि तो गावकऱ्यांना घेऊन डाकूंविरुद्ध नागरिक सुरक्षा दल उभारतो. बापाची बाजू घ्यायची की न्यायाची, हा पेच मुलांनाही कळला. त्यावर आमच्या घरी दोन दुपारी वाद चालला.

या बहादूरचे जनक आबिद सुरती. १९३५ मध्ये गुजरातेत जन्मलेले हे लेखक आणि व्यंगचित्रकार. ‘धर्मयुग’मधले ढब्बूजी त्यांचेच, आणि ‘तीसरी आँख’ या कथासंग्रहासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नाव ऐकताच चौथीचा मुलगा उठून बसला. ‘म्हणजे हे आपल्यातल्या माणसाने लिहिलेय?’ हा प्रश्न साधा नाही. आपली मुले पुस्तकांत आपली नावे शोधतात आणि बऱ्याचदा ती त्यांना हाती तलवार घेतलेल्या बादशहाचीच सापडतात. पुस्तक रचणाऱ्या माणसाचे नावही आपल्यासारखे असू शकते, हे त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळले.

मुलांना आम्ही सुरतींची पुढची गोष्टही सांगितली. २००७ मध्ये त्यांनी मीरा रोडला ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केले. संस्था म्हणजे ते स्वतः, एक प्लंबर आणि एक कार्यकर्ती. दर रविवारी इमारतींतून दारोदार जायचे आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. मराठवाड्यातल्या मुलांना पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोहल्ल्यातल्या मशिदीच्या वुजूखान्यातला ठिबकणारा नळ शोधला आणि मुअज्जिनसाहेबांच्या मागे लागून त्याचे वायसर बदलून घेतले.

तिसरे पुस्तक ‘अमर चित्र कथा’तले चांदबीबी. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेचा इंग्रजी अंक आमच्या हाती आला. तो आम्ही मराठीत सांगत-सांगत वाचला. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची ही मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. १५९५ च्या अखेरीस शहजादा मुरादच्या मोगल फौजेने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तिने किल्ला लढवला. सुरुंगाने पडलेले खिंडार तिने रातोरात बुजवून घेतले, असे इतिहास सांगतो. शेवटी वऱ्हाड देऊन तिने तह केला. १६०० मध्ये पुन्हा वेढा पडला, तेव्हा फितुरीच्या संशयावरून तिच्याच माणसांनी तिला मारले.

इथे मुलीने विचारले, ‘दोन्हीकडे मुसलमानच होते, मग लढाई कशाची?’ मुलखाची आणि तख्ताची, असे आम्ही सांगितले. इतिहासातली प्रत्येक लढाई धर्माची असल्यासारखी सांगितली जाते, अशा काळात हे उत्तर मुलांना घरातच मिळालेले बरे. शिवाय चांदबीबीचे आपल्या जिल्ह्याशीही नाते आहे. तिचा खापरपणजोबा मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असे फरिश्ताने लिहून ठेवले आहे. पाथरी परभणी जिल्ह्यातच. हे ऐकल्यावर शेजारची मुलेही तो अंक मागायला आली.

चौथे पुस्तक मोठ्या मुलांसाठी. ‘मिस मार्वल’ ही २०१४ मध्ये सुरू झालेली अमेरिकन मालिका. तिची नायिका कमला खान जर्सी सिटीत राहणाऱ्या पाकिस्तानी कुटुंबातली. लेखिका जी. विलो विल्सन यांनी इस्लाम स्वीकारलेला आहे, तर संपादक सना अमानत स्वतः न्यू जर्सीच्या. पहिल्या भागाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. अंगात शक्ती येताच कमला आधी सोनेरी केसांची गोरी नायिका बनते. हळूहळू तिला कळते की दुसऱ्याचे रूप घेऊन वावरणे जड जाते. तिला टोमणे मारणारी मुलगी बुडू लागते, तेव्हा कमलाला अब्बांकडून ऐकलेली आयत आठवते. एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या माणसांना वाचवणे, या अर्थाची. आणि ती तिला वाचवते.

हे पुस्तक मुलांना एकट्याने वाचायला देऊ नये, असे आम्हाला वाटते. कमला रात्री घरातून गुपचूप निघते, अम्मीशी खोटे बोलते. यावर बोलायला घरातले कुणीतरी जवळ हवे. पण पुस्तकातले मशिदीतले शेखसाहेब तिला धमकावत नाहीत. करायचेच असेल तर हिमतीने, सचोटीने आणि दयाबुद्धीने कर, चांगला शिक्षक शोध, असे ते सांगतात. नववीतल्या आमच्या पुतणीला तेच पान सर्वांत आवडले.

तुमच्या घरी सुरुवात करायची तर महागडे संच घेऊ नका. रद्दीवाल्याला सांगून ठेवा, शाळेच्या ग्रंथालयात विचारा, दोन-तीन घरांनी मिळून पुस्तके फिरवा. दिवसातून अर्धा तास मुलांजवळ बसा आणि त्यांनी प्रश्न विचारला की पुस्तक बाजूला ठेवून आधी त्याचे उत्तर द्या. उत्तर येत नसेल तर मुलांबरोबरच शोधा.

आमची चारही पुस्तके आता मोहल्ल्यात फिरताहेत. बहादूरचा अंक अजून परत आलेला नाही. आम्ही तो मागितलेलाही नाही.