‘कुइकी’ दिसते, ‘कपा’ दिसत नाही

हवाईच्या क्विल्टविषयी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. १८२० साली न्यू इंग्लंडहून मिशनरी स्त्रिया आल्या, त्यांनी तेथील स्त्रियांच्या हाती सुई दिली आणि त्या सुईतून एक ‘मोहक’ लोककला जन्मास आली. क्विल्ट शिवणाऱ्यांच्या एका स्थानिक मंडळाच्या बैठकीत अलीकडे हीच गोष्ट आमच्या कानी पुन्हा पडली. कापड आठ पदरी दुमडून एकाच कातरणीत अखंड नक्षी कशी काढावी, हे तेथे फार उत्तम रीतीने दाखवण्यात आले. त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या गोष्टीच्या व्याकरणाविषयी. तीत कर्ता एकच, बाकी सारे संप्रदान. साहित्याच्या वर्गांत ‘प्रभाव’ या नावाने आपण जे शिकतो-शिकवतो, त्याचेही व्याकरण पुष्कळदा हेच असते. म्हणून हा वाद सुईदोऱ्यापुरता नाही.

या गोष्टीला मिशनरींची स्वतःची नोंदच पुरेशी साथ देत नाही. ३ एप्रिल १८२० रोजी ‘थॅडियस’ जहाजाच्या डेकवर भरलेल्या पहिल्या शिवणमंडळाचे वर्णन ल्यूसी थर्स्टन यांनी लिहून ठेवले आहे. राजघराण्यातील कालाकुआ स्वतःचे पांढरे कापड घेऊन आल्या होत्या, त्यांना त्याचा पोशाख शिवून हवा होता. आणि त्या मंडळाच्या सूत्रधार म्हणून थर्स्टनबाई नाव देतात ते कालाकुआंचेच. तेथील प्रतिष्ठित स्त्रियांना ठिगळे जोडावयास दिली गेली हे खरे, ते काम त्यांना नवे होते हेही खरे. परंतु काम नवे होते म्हणून हात नवशिके होते असे कसे म्हणावे?

हे हात कपा करणाऱ्यांचे होते. कागदी तुतीची आतली साल भिजवून, कोरीव लाकडी थापीने ठोकून ठोकून तिचे वस्त्र करायचे. थापीवरची नक्षी त्या वस्त्रात अशी उमटे की उजेडासमोर धरल्यावर जलचिन्हासारखी दिसावी. निजताना पांघरायच्या कपाचे अनेक पदर एका कडेला टाचलेले असत आणि रंगीत नक्षी फक्त वरच्या पदरावर असे. म्हणजे अनेक पदरांचे, वरचा पदर सजवलेले पांघरूण ही कल्पना काही जहाजातून उतरलेली नाही. उलट ठिगळजोड हीच तेथे उपरी होती. न्यू इंग्लंडच्या घरात ती काटकसरीतून आली. जुन्या कपड्यांच्या चिंध्या तेथे साठलेल्या असत. जेथे चिंध्यांचे गाठोडेच नाही, तेथे अखंड ठाण फाडून पुन्हा जोडण्यात शहाणपण कोणते? तेव्हा त्या स्त्रियांनी कापड न फाडता एकसंध आकृती कापली, ती विरोधी रंगाच्या पटावर टाचली (पांढऱ्यावर तांबडी, ही आवडती जोडी) आणि आकृतीच्या कडेकडेने, तिचाच आकार पुढे नेत, टाक्यांच्या ओळी घातल्या. वाळत घातलेल्या चादरीवर झाडाची सावली पडली आणि तीतून पहिली नक्षी सुचली, अशी एक आख्यायिका आहे. गोड आहे; आख्यायिका म्हणून वाचावी. नक्षीतले ‘उलू’ म्हणजे मात्र आपल्या कोकणातला नीरफणसच.

भाषेची साक्ष याहून बोलकी आहे. हवाईच्या भाषेत या वस्तूला ‘कपा कुइकी’ म्हणतात. ‘कुइकी’ हे ‘क्विल्ट’चे हवाई उच्चारातले रूप, ‘कपा’ हा त्यांचा स्वतःचा शब्द. प्रभाव शोधणाऱ्याला उसना शब्द तेवढा दिसतो. नाम देशी आहे आणि उसना शब्द त्याचे विशेषण होऊन मागे चालतो, हे त्याच्या टिपणात येत नाही. याच्या उलट टोकाला ‘मिशनरींचा काही संबंधच नाही’ असे म्हणणारेही भेटतील. त्यांनी सुई कोठून आणली ते सांगावे.

पण बैठकीत खरोखर जे वगळले गेले, ते पुढचे. १७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकलानी यांचे राज्य उलथवण्यात आले. त्या कटाच्या पुढाऱ्यांपैकी लॉरिन थर्स्टन हे शिवणमंडळाचे वर्णन लिहिणाऱ्या ल्यूसीबाईंचे नातू. आजीची सुई सांगायची आणि नातवाचा कट गाळायचा, याला आम्ही कलेचा इतिहास म्हणावयास तयार नाही. ‘कू हाए अलोहा’, म्हणजे ‘माझा प्रिय ध्वज’, या नावाच्या क्विल्टांत मध्ये राजचिन्ह आणि चारी बाजूंना राज्याचे ध्वज असतात. ध्वजाचा प्रत्येक क्विल्ट बंडाचाच असतो असे नव्हे. परंतु राज्य गेल्यावर असा क्विल्ट घरात पांघरणे हे केवळ नक्षीचे प्रेम होते, असे कोण म्हणेल?

१८९५ मध्ये राणींना त्यांच्याच इओलानी राजवाड्यातील एका खोलीत कोंडण्यात आले. तेथे त्यांनी आणि त्यांच्या सोबतिणीने एक क्विल्ट करावयास घेतला. नऊ चौकोनांचा, वेड्यावाकड्या रेशमी तुकड्यांचा. म्हणजे मिशनरींनी आणलेली तीच ठिगळजोड, येथे राणींच्या हाती. मधल्या चौकोनात राज्याचे ध्वज आहेत आणि आपल्या कैदेची तारखेसह नोंद भरतकामाने केलेली आहे. त्याच कैदेत त्यांनी ‘कुमुलिपो’ या सृष्ट्युत्पत्तीच्या दीर्घ स्तोत्राच्या इंग्रजी भाषांतराचे काम केले. ते १८९७ मध्ये छापले गेले आणि ग्रंथसूचीत दाखल झाले. क्विल्ट त्याच राजवाड्यात लोकांना पाहावयास ठेवलेला आहे. भाषांतर वाचणारे आपण लोक तो वाचायचा असतो असे मानत नाही.