आतड्याची अक्कल

फराळाच्या ताटात चिवडा खाताना दाताखाली खडा यावा, तसा हा विषय वाचकांना लागेल. पण आज विषयच खड्याचा आहे! मराठीच्या मास्तराला पंपातले काय कळते, असे कोणी विचारलेच, तर आमच्या घरी हा प्रश्न आधीच विचारून झालेला आहे.

स्वच्छ पाणी उचलणे अवघड नाही. साध्या पंपातले पाते मिनिटाला हजारावर फेरे घेते आणि पाणी भिरकावून देते. पंचाईत होते ती पाण्यात रेती, दगडाची पूड किंवा चुना मिसळला म्हणजे. खाणीतला गाळ, चिनीमातीचा रबडा, कालवलेला चुना हे सारे वाहते खरे, पण वाहता वाहता धातू खरवडते. वरवंट्याखाली पाटा गुळगुळीत होतो आणि मग टाकी लावणारीला हाक मारावी लागते, तोच हा प्रकार. त्यातून वेग दुप्पट झाला, की झीज नुसती दुप्पट होत नाही. चौपट, कधी त्याहूनही अधिक होते.

यावर तोड आहे ती आपल्या पोटात. आतडे घास पुढे ढकलते ते मागून आवळत आवळत. या हालचालीला आपल्याकडे ‘क्रमसंकोच’ असे भारदस्त नाव आहे. पेरिस्टाल्टिक पंपात हेच काम एक जाड रबरी नळी करते. अर्धवर्तुळात बसवलेल्या नळीवरून दोन रूळ सावकाश फिरतात; पुढचा रूळ सुटण्यापूर्वी मागचा नळी दाबून धरतो, त्यामुळे द्रवाला मागे फिरायला वाट नाही. झडप नाही, पाते नाही. रेतीची गाठ पडते ती फक्त नळीच्या आतल्या अंगाशी, आणि रबर दगडासारखे अडून बसत नाही. कण टेकला की दबते, गेला की पूर्ववत होते.

गंमत अशी, की हीच युक्ती रक्तासाठीही वापरतात. १९३४ साली मायकेल डिबेकी यांनी रक्त देण्यासाठी असा रूळपंप पुढे आणला. पुढे १९५३ साली जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र जोडून शस्त्रक्रिया यशस्वी केली, त्या यंत्रातही रूळपंपच होते. मूत्रपिंडाच्या रोग्याचे रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर तो आजही फिरताना दिसतो. तिथे रक्ताला यंत्रापासून जपायचे. इथे यंत्राला रेतीपासून. सोय एकच.

माझा एक जुना विद्यार्थी रसायनांच्या कारखान्यात आहे. (विभक्तिप्रत्ययांशी त्याचे कधी जमले नाही, यंत्रांशी मात्र उत्तम जमते.) आम्लाचे सांडपाणी नाल्यात सोडण्यापूर्वी त्यात चुन्याचे दूध घालावे लागते, आणि ते घालणारा पंप त्याच्या ताब्यात. त्याने सांगितले ते मला नवे होते. ही नळी मरते ती बहुधा घासून नव्हे, दुमडून दुमडून. तार वाकवत राहिले की तुटते, तशी. म्हणून तिचे आयुष्य दिवसांत मोजायचे नाही, दाबांत मोजायचे. चार पैसे वाचवायला लहान पंप घेऊन तो भरधाव पळवणारे मालक पुढे नळ्यांवर दुप्पट खर्च करतात. मोठा पंप घेऊन संथ चालवावा, हे त्यांना पटवता पटवता त्याच्या नाकी नऊ आले.

आणि नळी अवेळी फुटली तर? चुना पंपाच्या पोटात पसरतो, चुन्याचा पुरवठा थांबतो, आणि कोणाचे लक्ष नसेल तर आम्ल तसेच नाल्याला लागते. नाल्याच्या खालच्या अंगाला वस्ती आहे. म्हणून त्याने भिंतीवर एक वही टांगली आहे. तीत पंपाचे तास मांडतो आणि ठरलेला आकडा आला, की धडधाकट दिसणारी नळीही उतरवतो. तशी एक उतरवलेली नळी त्याने मला चिरून दाखवली. आतून बोट फिरवले तर अजून बरीच गुळगुळीत होती. दुमडीच्या दोन्ही कडांना मात्र केसासारख्या बारीक चिरा धरू लागल्या होत्या.