'एमएस'ग्रस्तांना आभासी वास्तवाचा आधार. प्रश्न तो पोहोचविण्याचा

पिंपरी - मोटारीचा पहिला पत्रा कापला जाण्यापूर्वीच तिच्या आत 'बसून' पाहण्याची सोय व्हर्च्युअल रिॲलिटी अर्थात आभासी वास्तवाच्या तंत्राने वाहन उद्योगाला करून दिली. आराखड्यांची तपासणी, वेल्डिंग व रंगकामाचे प्रशिक्षण अशा कामांसाठी हे तंत्र या उद्योगाच्या परिचयाचे झाले आहे. याच तंत्राचा उपयोग मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मज्जासंस्थेच्या विकाराने ग्रस्त रुग्णांचा तोल सावरण्यासाठी, चाल सुधारण्यासाठी आणि थकवा कमी करण्यासाठी होऊ शकतो का, याचा शोध जगभरातील संशोधक घेत आहेत. निष्कर्ष आशादायक आहेत. मात्र त्यांना मर्यादाही आहेत. पिंपरी-चिंचवड आणि चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात तर खरा प्रश्न उपकरणाचा नसून, ते ज्या उपचारव्यवस्थेत वापरायचे त्या व्यवस्थेचा आहे.

ऐन उमेदीतील आजार

विजेच्या तारेवरील आवरण झिजले, की प्रवाह खंडित होतो किंवा भलतीकडे वळतो. 'एमएस'मध्ये काहीसे असेच घडते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिमज्जातंतूंवरील 'मायलिन' या आवरणावर हल्ला करते. परिणामी, कुणाची दृष्टी अंधूक होते, कुणाचे पाय जड पडतात, कुणाचा तोल जातो. बहुसंख्य रुग्णांना ग्रासणारा थकवा तर बाहेरून दिसतही नाही. आजार साधारणतः २० ते ४० या वयात सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे. म्हणजेच, कारखान्यांमध्ये ज्या वयाचे मनुष्यबळ प्रामुख्याने काम करते, नेमक्या त्याच वयाला हा आजार गाठतो.

भारतात हा आजार विरळ समजला जाई. मंगळूर शहरात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मात्र लाखामागे सुमारे आठ रुग्ण आढळले. हे प्रमाण पिंपरी-चिंचवडच्या २०११ च्या जनगणनेतील १७ लाख २७ हजार लोकसंख्येला लावले, तर रुग्णसंख्या १४० च्या घरात जाते. हा निव्वळ गणिती अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. शिवाय शहराची लोकसंख्या त्यानंतर बरीच वाढली आहे. संख्या मोठी नाही, आणि नेमके म्हणूनच हे रुग्ण आरोग्य यंत्रणेच्या नजरेआड राहण्याचा धोका अधिक.

औद्योगिक परिसरात त्यात उष्णतेची भर पडते. शरीराचे तापमान वाढले, की 'एमएस'ची लक्षणे तात्पुरती बळावतात. शारीरिक श्रमानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, असे निरीक्षण जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उहथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदविले होते. एप्रिल-मेमध्ये फौंड्रीत किंवा भट्टीजवळ पाळी करणाऱ्या रुग्णासाठी ही पाठ्यपुस्तकातील नोंद नसून रोजचा अनुभव ठरतो.

संशोधन काय सांगते?

माणसाचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि तळपायांची संवेदना या तिन्हींवर अवलंबून असतो. 'एमएस'मध्ये यांपैकी एखादा दुवा कमकुवत झाला, की उरलेल्यांवर अधिक विसंबण्याची सवय मेंदूला लावावी लागते आणि त्यासाठी तीच हालचाल पुनःपुन्हा करावी लागते. आभासी वास्तव येथे उपयोगी पडते. पडद्यावर किंवा डोळ्यांवरील चष्म्यात वाट, अडथळे, चेंडू दिसतात. रुग्ण त्यानुसार हालचाल करतो आणि आपली चूक त्याला तत्क्षणी कळते. कंटाळवाणा व्यायाम खेळासारखा होतो.

माद्रिद येथील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांच्या एका गटाने दहा आठवडे घरीच 'एक्सबॉक्स'च्या 'किनेक्ट' खेळांद्वारे, दुरून देखरेखीखाली व्यायाम केला. दुसऱ्या गटाने प्रचलित फिजिओथेरपी घेतली. तोल दोन्ही गटांचा सुधारला. जेथे नेहमीचे उपचार सहज मिळत नाहीत तेथे हा पर्याय ठरू शकतो, असे संशोधकांनी सुचविले. इस्राईलमध्ये २०१६ मध्ये ३२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पडण्याची भीती कमी होण्याच्या बाबतीत आभासी वास्तवाचा गट सरस ठरला. चाल आणि तोल यांविषयीच्या चाचण्यांचा २०१८ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला. हे तंत्र काहीच न करण्यापेक्षा निश्चित चांगले आणि प्रचलित व्यायामाच्या किमान तोडीचे आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. थकवा कमी होत असल्याचे २०२१ मधील आढाव्यात दिसून आले.

मात्र, यातील बहुतेक चाचण्या लहान आणि काही आठवड्यांच्याच आहेत. आभासी वास्तव आजार रोखत नाही. ते काम औषधांचे. चक्कर, दृष्टिदोष किंवा अपस्माराचा त्रास असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना चष्मा लावणे धोक्याचे. तोल सांभाळण्याचा सराव करतानाच रुग्ण पडू शकतो, हेही विसरून चालणार नाही.

अंतर, पाळी आणि पगार

'एमएस'मधील व्यायाम काही दिवसांचा नसतो. तो वर्षानुवर्षे करावा लागतो. चाकण, म्हाळुंगे किंवा निघोजे येथे राहणाऱ्या कामगाराने आठवड्यातून दोनदा पुणे-नाशिक महामार्गावरील कोंडीतून शहरातील रुग्णालय गाठायचे, म्हणजे पाळी बुडणार आणि पगारही. पिंपरीत महापालिकेचे ७५० खाटांचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, चिंचवडला कामगार विमा रुग्णालय आहे. परंतु विमा योजनेची वेतनमर्यादा २०१७ मध्ये २१ हजार रुपये झाली. ती ओलांडलेला कुशल कामगार या छत्राबाहेर जातो. खासगी आरोग्य विम्याचा भर प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्यावर असतो. घरी करावयाच्या व्यायामाचा खर्च रुग्णाच्याच खिशातून जातो.

घरी वापरता येणाऱ्या आभासी साधनांचे मोल येथेच आहे. रुग्णालयाने तपासणी करून व्यायाम ठरवून द्यावा, साधन उसने द्यावे आणि फिजिओथेरपिस्टने दूरध्वनी वा व्हिडिओद्वारे पाठपुरावा करावा, अशी रचना अशक्य नाही. त्यासाठी एकाच कंपनीच्या उपकरणावर विसंबणे मात्र शहाणपणाचे नाही. ज्या 'किनेक्ट'वर अनेक अभ्यास झाले, त्याचे उत्पादन २०१७ मध्येच थांबले. उपकरणे बदलत राहतील. टिकायला हवा तो प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट.

कायदा आहे, पण...

दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ ने 'एमएस'चा समावेश दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत केला. सेवेत असताना दिव्यांगत्व आल्यास कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, हे संरक्षण मात्र शासकीय आस्थापनांपुरतेच आहे. शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणाच्या यादीतही 'एमएस'चा स्वतंत्र उल्लेख नाही. खासगी कारखान्यांनी समान संधी धोरण जाहीर करावे, असे कायदा सांगतो. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी त्यात दिव्यांगांसाठी द्यावयाच्या सुविधांचा तपशीलही नमूद करणे अपेक्षित आहे. उष्ण विभागातून बदली, बसून करता येणारे काम, दुपारची विश्रांती या सुविधांना फार खर्च येत नाही. पण कंत्राटी कामगार आजार उघड करायलाच धजावत नाही, कारण पुढच्या महिन्यातील कामाची त्याला शाश्वती नसते.

मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना एकत्र आणण्याचे काम करीत आली आहे. परंतु व्यवस्था उभारण्याचे ओझे स्वयंसेवी संस्थेवर टाकता येणार नाही. महापालिकेने फिजिओथेरपी विभागात अशा रुग्णांची नोंद ठेवण्यापासून सुरुवात करावी. उद्योगांनी सामाजिक दायित्व निधीतून साधने द्यावीत आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, व्यायामासाठी आठवड्यातील दोन तासांची भरपगारी सवलत द्यावी. चष्मा विकत घेता येतो; कामगाराला वेळ आणि नोकरीची हमी देण्यासाठी मात्र निर्णय घ्यावा लागतो.